सातव्या घरामागची चूल

घर पाहावं बांधून, असं आपल्याकडे म्हणतात. विकत घेऊन पाहावं असं कुणी म्हणत नाही. आमच्या नानांनी ते विकत घेतलं. जळगावात रेल्वे लाइनीच्या पलीकडे चंपालाल शेठचा केळीचा मळा होता. शेठनं तो मोडला, दोऱ्या लावून चौकोन पाडले आणि एका ओळीत दहा घरं बांधायला काढली. पुढे व्हरांडा, आत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, मागे परस, परसात नळ. दहाही घरं इतकी सारखी की नंतर कितीतरी दिवस लोक भलत्याच दारात शिरून चपला काढायचे. आज धुळ्यात माझ्या मुलानं नकाशावर बोट ठेवून सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही. तेव्हा मात्र तयार घर घेणं म्हणजे दुसऱ्याच्या मापानं शिवलेला सदरा अंगात घालण्यासारखं वाटायचं. नानांच्या कापसाच्या जिनातले लोक त्यांना विचारायचे, "काय हो, बायको पण तयारच मिळते का तिकडे?" नाना हसायचे. नाना सगळ्यावरच हसायचे.

ते कापसाची पारख करायचे. कापूस चिमटीत धरून ओढला की धागा किती लांब निघेल ते सांगायचे आणि त्यांचं म्हणणं सहसा खोटं ठरत नसे. माणसांच्या बाबतीत मात्र ते फार भिडस्त. भीड भिकेची बहीण म्हणतात, ती आमच्या घरी कायमची मुक्कामाला होती. गावाकडच्या शेताचा आपला हिस्सा चुलतभावाला विकून त्यांनी हे सातवं घर घेतलं, हीच त्यांनी आयुष्यात स्वतःहून केलेली एक मोठी गोष्ट. तीसुद्धा आईनं दोन वर्षं मागे लागून करवून घेतली होती. आणि अक्काला न विचारता केली होती.

अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. आई-बाप लवकर गेले, तेव्हा तिनंच नानांना लहानाचं मोठं केलं. एरंडोलला दिली होती. तिला मूलबाळ नव्हतं. उंच, हाडापेरानं मोठी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ती आली की आमच्या माडीचा जिना कुरकुरायचा आणि तिच्या पिशवीतून माझ्यासाठी गूळ-शेंगदाण्याचे लाडू निघायचे. घराची बातमी कळल्यावर ती पहिल्याच गाडीनं आली आणि नानांना म्हणाली, "दुसरास्नी बांधेल घर. पायामा काय पुरेल शे, तुले काय माहीत?" नाना म्हणाले, "अक्का, मळा होता तिथे. पुरलं असेल तर शेणखत." तिलाही हसू आलं. ती रागावून फार वेळ बसू शकत नसे.

आईनं दोन वर्षं घराचा ध्यास का घेतला, ते सांगायला हवं. आम्ही दाणाबाजाराच्या मागे एका माडीवर भाड्यानं राहत होतो. एकच लांबोडी खोली, एका टोकाला मोरी, दुसऱ्या टोकाला चूल. धूर जायला खिडकी होती, पण वारा तिकडूनच यायचा. खाली अंगणात पाच बिऱ्हाडांत एक नळ. पहाटे घंटाभर पाणी. जिन्याला चौदा पायऱ्या, लाकडी, उभ्या. त्या पायऱ्यांवर आईच्या पायांचा आवाज हा माझ्या लहानपणाचा सगळ्यात जुना आवाज आहे. चढताना जड, उतरताना हलका, मध्ये नवव्या पायरीशी जरा थांबलेला. माझ्या आधीचा एक भाऊ आणि माझ्या नंतरचा एक, दोघे दिवस भरायच्या आतच गेले. त्या पायऱ्यांनी आपली दोन पोरं खाल्ली असं आईला वाटायचं. हे ती कधी मोठ्यानं बोलली नाही. एकदा फक्त हंडा टेकवून मला म्हणाली, "तठी परसातच नळ हाये, सुमे. एक पायरी नाही."

आई असोद्याची. माणसांची, स्वयंपाकाची, हाताला चव असलेली. तिचे खापरावरचे मांडे आमच्या सगळ्या नात्यात ठाऊक होते. पुरण भरलेली पोळी ती दोन्ही हातांवर झेलत झेलत एवढी वाढवायची की कोपरापर्यंत लोंबायची, मग उपड्या खापरावर टाकायची. त्यासाठी जमिनीवरची रुंद चूल लागते. माडीवरच्या चुलीवर खापर बसत नव्हतं, म्हणून मांडे करायचे तर ती असोद्याला जायची. शेठच्या नव्या घरांत तर उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा होता, गुळगुळीत, सगळ्यांना मोठं कौतुक त्याचं. आईनं त्या ओट्यावरून एकदा हात फिरवला आणि दुसऱ्या रविवारी टोपलीत खापर घालून, वर फडकं बांधून, ते डोक्यावर घेऊन ती मला बरोबर घेऊन बांधकामावर गेली.

गवंड्याचं नाव सुपडू मिस्तरी. त्याच्या आधीची भावंडं जगली नव्हती म्हणून जन्मल्याबरोबर त्याला सुपात घातलं होतं, त्यावरून हे नाव. आईनं खापर त्याच्यासमोर उपडं ठेवलं आणि म्हणाली, "याच्या मापाची चूल पाहिजे परसात." उरलेल्या विटांतून त्यानं दुपारभरात ती घातली. आई विटांच्या ढिगावर बसून माप सांगत होती. सारखं खापर ठेवून बघायचं, काढायचं, एक वीट सरकवायची. मध्येच तिनं त्याला विचारलं, "दादा, सुपात घातलं म्हणूनच जगले का रे तुम्ही?" सुपडू मिस्तरी थापी पुसत म्हणाला, "काय माहीत ताई. जगलो खरा." शेठ फेरीला आला तेव्हा चूल बघून डोक्याला हात लावून म्हणाला, "भाभी, दहा घरं सारखी म्हणून मी लोकांना सांगितलंय. आता बाकीच्या नऊ जणी मागतील." तिघींनी मागितलीच.

त्याच आठवड्यात मी आईला मोरीत ओकताना पाहिलं. मी तेरा वर्षांची होते, समजत होतं आणि नव्हतंही. तिनं मला जवळ बसवून सांगितलं की तिला तिसरा संपून चौथा लागलाय, आणि हे कुणालाही सांगायचं नाही. "नानांनाही नाही?" "तुह्या नानाच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्याले कळलं म्हणजे अक्काले कळलं. पयले घरात जाऊ दे." कारण आमच्याकडे घरच्या बाईला दिवस गेलेले असताना वास्तुशांत करत नाहीत, नव्या घरात बिऱ्हाड नेत नाहीत. आईलाही ते ठाऊक होतं. ती काही रीतभात न मानणारी बाई नव्हती. पण तिनं एका बाजूला रीत ठेवली होती आणि दुसऱ्या बाजूला त्या चौदा पायऱ्या, आणि तिचं ठरलं होतं. वास्तुशांत माघात होती. शेठनं दहाही घरांची एकाच मुहूर्तावर, एकाच भटजींकडून करायचं ठरवलं होतं. जेमतेम तीन आठवडे लपवायचं होतं. नऊवारीत ते सहज लपत होतं.

वास्तुशांतीच्या आधी आठ दिवस अक्का आली. तिनं ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ आणलं होतं, भरताची वांगी आणली होती. दोन दिवस घर नुसतं भाकरीच्या आणि भाजल्या वांग्याच्या वासानं भरून गेलं. आई खाली पाण्याला गेलेली असताना अक्का माझी वेणी घालत होती. तेल थापत, गुंता सोडवत, माझ्या केसांचं कौतुक करत होती. मग, आई भरताला हात लावत नाही हे पाहून असेल, सहज म्हणाली, "तुन्ही माय भरीत खास नई. आंगमा बरं नई का तिले?"

मी आजही त्या क्षणाशी जाऊन बसते. तिनं काही खोदून विचारलं नव्हतं. "दात दुखतो" म्हणाले असते तरी भागलं असतं. पण मोठ्या बायकांचं गुपित आपल्याला ठाऊक आहे, याची मला गंमत वाटत होती. आणि अक्का माझी लाडकी होती, तिला आनंद होईल असं मला वाटलं. मी म्हणाले, "अक्का, कुणाला सांगू नको. आईला चौथा महिना आहे." केसांतली फणी थांबली. मी मागे वळून पाहिलं तर अक्काच्या डोळ्यांत पाणी होतं.

नंतर कळलं. अक्का लग्नाच्या दुसऱ्या वर्षी पाच महिन्यांची असताना तिच्या सासऱ्यांनी नवं घर बांधून त्यात बिऱ्हाड नेलं होतं. आठ दिवसांत तिचं पोट मोकळं झालं आणि परत कधी भरलं नाही. तिच्या मनात त्या दोन गोष्टी घट्ट बांधल्या गेल्या होत्या, जशा आईच्या मनात पायऱ्या आणि तिची पोरं. दोघींचंही चुकीचं म्हणायला माझी जीभ उचलत नाही. दोघींनाही ते मूल जगायला हवं होतं.

संध्याकाळी नाना जिनातून आले, हातपाय धुऊन चहाला बसले, तेव्हा अक्कानं विषय काढला. "दोन जीवनी बाई शे ती. नवा घरमा पाय ठेवाना नई. घर काय पळी जाई का? पोर व्हई जाऊ दे, मंग जा." नानांनी कपबशी खाली ठेवली आणि आईकडे पाहिलं. आईचा चेहरा पांढरा पडला होता. ती अक्काला म्हणाली, "तुमले कोनं सांगितलं?"

मी मोरीशी उभी होते. अक्कानं घातलेल्या वेणीचं टोक माझ्या हातात होतं. अक्कानं माझ्याकडे एकदा पाहिलं, अगदी एकदाच, आणि म्हणाली, "कोनी नई सांगं. तुन्हा चालावरथीन समजनं माले. मन्ही नजर चुकस नई."

मला वाचवण्यासाठी ती खोटं बोलली आणि मला केवढं हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला जितकी लाज वाटते तितकी सांगितल्याचीही वाटत नाही. आई नानांना म्हणाली, "मले पानी वाहून कटाया आला हो. मले तठी जाऊ द्या." नाना दोघींच्या मध्ये बसले होते. एकीनं त्यांना वाढवलं होतं, दुसरीनं त्यांचा संसार केला होता. बराच वेळ ते बशीतला चहा फुंकत राहिले, चहा केव्हाच निवला होता. मग म्हणाले, "अक्का म्हणते तसं करू. पाच-सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे."

शेठ भला माणूस. तो म्हणाला, "भाऊ, घर तुमचंच आहे. तुमचं कुलूप लावा, मनात येईल तेव्हा या." वास्तुशांतीच्या दिवशी मी आणि नाना बघायला गेलो. नऊ दारांना आंब्याची पानं, नऊ दारांपुढे रांगोळी, उतू गेलेल्या दुधाचा करपट वास सगळ्या ओळीत. सहाव्या घरातून निघालेले भटजी आमच्या दारावरून सरळ आठव्यात गेले. नानांनी कुलूप एकदा ओढून पाहिलं. घरी आलो तर आई तांदूळ निवडत होती.

अक्का परत गेली नाही. महिना-दीड महिना ती राहिली आणि रोज पहाटे पाण्याचे हंडे तिनं स्वतः वर आणले. आईला तिनं एक तांब्या उचलू दिला नाही. आज मी ज्यांना ही गोष्ट सांगते त्यांना हे आवर्जून सांगते, कारण आमच्या घरात हे कुणी कधी बोललं नाही. चैत्रात तिच्या नवऱ्याला ताप भरला म्हणून तिला जावं लागलं. मग पाणी नाना आणायचे, पण जिनात त्यांची पहिली पाळी लागली की मी. आणि मला शाळा असली की आई. उन्हाळ्यात नळाची धार करंगळीएवढी झाली, तेव्हा कोण किती वेळ उभं राहतं याला काही हिशेब राहिला नाही.

वैशाखात एका दुपारी शेजारीण मला मैत्रिणीच्या घरून बोलवायला आली. सातवा संपत होता. नाना आणि खालच्या बिऱ्हाडातले दोघे आईला खुर्चीत बसवून त्या पायऱ्यांवरून खाली आणत होते. नवव्या पायरीशी त्यांनाही थांबावं लागलं. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "कोनाड्यातलं सूप घे." तिनं नवं सूप आणून ठेवलं होतं, मला ठाऊकही नव्हतं. टांग्यात ते मी मांडीवर धरून बसले होते. मुलगा झाला. त्याला सुपात ठेवलं, नानांनी कानात "सुपडू" म्हटलं. दोन दिवस तो जगला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधीच्या दोन्ही वेळांसारखंच झालं, कुठल्याही घरात असता तरी झालं असतं. तेही खरं असेल. आईनं ते ऐकलं की नाही, माहीत नाही.

पंधरा-वीस दिवसांनी आम्ही नव्या घरात गेलो. तोरण नाही, दूध नाही. दोन हातगाड्या सामान. नानांनी कुलूप काढलं, आई आत गेली, सरळ परसात गेली, नळ सोडला आणि वाहत्या पाण्याकडे बघत उभी राहिली. मग वळून नानांना म्हणाली, "वांझेची नजर लागली मह्या पोराले. तिनंच सांगितलं, नजर चुकत नाही म्हणून."

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. तिथेच, त्या नळाशी. "आई, तिनं नजरेनं ओळखलं नाही, मी सांगितलं." एवढं एकच वाक्य. ते माझ्या तोंडाशी आलं आणि आईच्या चेहऱ्याकडे पाहून मी ते गिळलं. दुसऱ्या दिवशी ते बोलणं आणखी अवघड झालं आणि वर्षभरानं अशक्य.

त्यानंतर अक्का वर्षातून दोनदा यायची. व्हरांड्यात बसायची. आत ये असं आई कधी म्हणाली नाही आणि म्हटल्याशिवाय अक्का कधी उंबरा ओलांडून आली नाही. आई तिच्यासाठी सगळं करायची, शेवेची भाजी, भाकरी, लोणच्याची फोड, साजूक तूप, आणि ताट वाढून माझ्या हाती द्यायची. "नेऊन दे." मी न्यायची. अक्का जेवायची, ताटात पाणी फिरवून प्यायची आणि म्हणायची, "तुन्ही मायना हातले चव शे." मी रिकामं ताट घेऊन आत यायची. दोघींच्या मध्ये तो उंबरा आणि मी. नाना दोघींकडे बघून आता हसतही नसत. परसातल्या चुलीत आईनं एकदाही जाळ केला नाही. तिच्यात मांजरी व्यायच्या. खापर माळ्यावर गेलं.

माझं लग्न होऊन मी धुळ्याला आल्यावर काही वर्षांनी अक्का अंथरुणाला खिळली. मी एरंडोलला गेले. तिचे हात पातळ झाले होते, पण कुंकू तेवढंच मोठं. खोलीत कुणी नव्हतं. मी तिच्या पायांशी बसून रडले आणि म्हणाले, "अक्का, मी आईला सगळं सांगून टाकते. उद्याच जळगावला जाते." तिनं डोळे न उघडता माझा हात धरला. "आते कसाले सांगस? मन्हासंगे अबोला धरीसन ती जगनी. पोटनी पोरसंगे अबोला धरी तं ती कशी जगी?"

मी सांगितलं नाही.

अक्का गेल्यावर तेराव्याला आम्ही सगळे जळगावच्या घरी होतो. सकाळी मी उठले तर परसातून धूर येत होता. आईनं चुलीतली राख, कचरा काढून ती सारवली होती, खापर खाली घेतलं होतं आणि जाळ घातला होता. इतक्या वर्षांनी पहिला मांडा तिच्या हातांवरच फाटला. दुसरा नीट उतरला. तो तिनं घडी करून ताटात ठेवला, वर तूप सोडलं, शेजारी दुधाची वाटी ठेवली. मग जाळाकडे बघत म्हणाली, "अक्का मनानं वाईट नव्हती, सुमे. नजर काय, ती कोनाच्या हातात थोडीच असते."

मी तिच्या समोर बसले होते. वाक्य पुन्हा तोंडाशी आलं. आईनं ताट उचलून माझ्याकडे केलं आणि मानेनं परसाच्या भिंतीकडे, कावळ्यांकडे दाखवलं. "नेऊन दे," ती म्हणाली.

मी ताट घेतलं आणि नेऊन दिलं.